दरवाजे का उघडले? धरणाच्या विसर्गाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

धरणं भरू लागली की हेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. बरेचसे नदीकाठच्या रहिवाशांचे असतात, काही शेतकऱ्यांचे, आणि थोडे खुद्द पाटबंधारे विभागात नव्याने रुजू झालेल्या अभियंत्यांचे. सगळ्यांच्या मुळाशी गोष्ट एकच: एक सरकारी अधिकारी जाणूनबुजून असा निर्णय घेतो, ज्याने कुणाचं तरी नुकसान होणारच असतं. प्रश्न सोप्याकडून अवघडाकडे लावले आहेत.

१. क्युसेक आणि टीएमसी म्हणजे नेमकं किती पाणी?

क्युसेक हा वेग आहे: सेकंदाला एक घनफूट, म्हणजे सुमारे २८.३ लिटर. टीएमसी हा साठा आहे: एक अब्ज घनफूट, म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर. दोन्हींना जोडणारा एक आकडा पाठ करून ठेवा: ११,५७४. इतक्या क्युसेकने चोवीस तास पाणी वाहिलं की एक टीएमसी होतं. म्हणजे ३५ हजार क्युसेकचा विसर्ग दिवसभर चालला, तर तीन टीएमसी पाणी खाली गेलं.

२. पाणी सोडायचं हे ठरवतं कोण? मंत्री, जिल्हाधिकारी की अभियंता?

अभियंता. धरणावर शाखा अभियंता आणि उपअभियंता असतात, आणि निर्णयाची जबाबदारी कार्यकारी अभियंत्याची असते. पूर मोठा असेल तर अधीक्षक अभियंता आणि मुख्य अभियंता पूर नियंत्रण कक्षात बसलेले असतात. जिल्हाधिकारी, महापालिका आणि पोलीस यांना कळवायचं असतं. पुढची कामं, म्हणजे वस्त्या हलवणं, पूल बंद करणं, निवारा उघडणं, त्यांची. दोन्हींमध्ये गल्लत झाली की गोंधळ होतो. दरवाजे वेळेत उघडले पण वस्ती हलली नाही, तर चूक वेगळ्या टेबलावर शोधावी लागते.

प्रत्येक मोठ्या धरणाची जलाशय परिचालन सूची असते. कोणत्या पंधरवड्यात पातळी कुठवर न्यायची आणि त्यावर गेली तर किती सोडायचं, हे त्यात आखलेलं असतं. सूची कागदावर स्वच्छ दिसते. पण रात्री दोन वाजता धरणावरचा माणूस बॅटरीच्या उजेडात पातळीपट्टी वाचतो, वाऱ्याने पाणी चार-पाच सेंटिमीटर वर-खाली होत असतं, आणि त्याच पातळीच्या फरकावरून तासाभराचा येवा (धरणात येणारं पाणी) काढायचा असतो. मोठ्या जलाशयात एवढ्या फरकाने येव्याचा आकडा हजारो क्युसेकने बदलतो. म्हणून एका वाचनावर दरवाजे हलवत नाहीत, लागोपाठची वाचनं पाहतात.

३. खाली घरं बुडणार हे माहीत असून दरवाजे उघडतात. मग धरण कशासाठी बांधलंय?

खडकवासल्याचा हिशेब पाहा. टेमघर, वरसगाव, पानशेत आणि खडकवासला या चार धरणांची मिळून क्षमता २९.१५ टीएमसी. त्यात एकट्या खडकवासल्याची फक्त १.९७. वरची तिन्ही भरत आली की त्यांचं पाणी याच लहान भांड्यात येतं. भांडं नव्वद टक्के भरलंय असं धरा. उरली ०.२ टीएमसी जागा. येवा ३५ हजार क्युसेक असेल तर ती दीड-पावणेदोन तासांत संपते. त्यानंतर तुम्ही ठरवा अगर ठरवू नका, पाणी जाणारच. फक्त ते कसं जाईल हे तुमच्या हातात राहत नाही.

मातीचं धरण असेल तर पाणी माथ्यावरून जाऊ देणं म्हणजे धरणच सोडून देणं. माती खालच्या उतारावरून खचत वर येते. गुजरातेत मोरबीजवळचं मच्छू-२ धरण ११ ऑगस्ट १९७९ रोजी असंच गेलं: सांडव्याच्या (जादा पाणी बाहेर सोडण्याच्या वाटेच्या) क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त पाणी आलं आणि दोन्ही बाजूंचे मातीचे भाग वाहून गेले. (१२ जुलै १९६१ चं पानशेत वेगळं. ते माथ्यावरून पाणी जाऊन फुटलं नव्हतं, अपुऱ्या कामामुळे भराव खचला होता. पण मातीचं धरण गेल्यावर पुण्यात काय होतं, ते तिथे दिसलं.)

तेव्हा निवड ‘पूर की पूर नाही’ अशी नसते. चार वस्त्यांत कमरेभर पाणी आज, की निम्म्या शहरात दुमजली पाणी उद्या, अशी असते. न उघडणं हाही निर्णयच आहे. फक्त त्यावर कुणाची सही दिसत नाही.

४. मग आधीपासूनच थोडं थोडं का सोडत नाहीत? धरण भरेपर्यंत वाट का पाहतात?

सर्वांत जास्त येणारा आणि सर्वांत रास्त प्रश्न. काही वेळा खरंच सोडायला हवं असतं आणि सोडलेलं नसतं.

पण दुसरी बाजू अशी. आपल्याकडची बहुतेक धरणं पूर अडवायला नव्हे, पाणी साठवायला बांधली आहेत. १५ ऑक्टोबरला जो साठा असेल, त्यावर पुढचं वर्षभर पिण्याचं पाणी आणि शेतीची आवर्तनं (कालव्याच्या पाण्याच्या पाळ्या) ठरतात. जुलैत अंदाजावर पाच टीएमसी सोडले आणि ऑगस्ट कोरडा गेला, तर मार्चमध्ये पाणीकपात होते, उन्हाळी आवर्तन रद्द होतं, उभा ऊस वाळतो. त्या नुकसानीचे फोटो छापून येत नाहीत, म्हणून ते कमी असतं असं नाही.

शिवाय एक मानवी कारण आहे. भरलेल्या धरणाचं जलपूजन होतं, साडी-चोळीने ओटी भरली जाते. जुलैत जागा रिकामी ठेवणाऱ्याचा सत्कार कुणी केल्याचं ऐकिवात नाही.

व्यवहारात काय करायचं? पाऊस मोजून आधीच हिशेब मांडायचा. शंभर चौरस किलोमीटरच्या पाणलोटात (ज्या भागातलं पाणी वाहून धरणात येतं, त्यात) १०० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातला साठ टक्के वाहून आला, तर ०.२१ टीएमसी होतं. पुढच्या चोवीस तासांचा अंदाज, पाणलोटाचं क्षेत्रफळ आणि माती किती भिजलेली आहे (जूनच्या पहिल्या पावसात बरंच मुरतं, ऑगस्टमध्ये जवळजवळ काहीच नाही) हे धरून जी जागा लागेल, तेवढी पूर यायच्या आधी, दिवसाउजेडी आणि पात्रात मावेल अशा विसर्गाने करून घ्यायची. उशीर झाला की तेच पाणी दुप्पट-तिप्पट वेगाने सोडावं लागतं.

५. कालव्यातून पाणी वळवता येत नाही का?

नाही, उपयोगाइतकं नाही. मोठ्या कालव्याची क्षमताही फार तर काही हजार क्युसेक असते, आणि विसर्ग तीस-चाळीस हजारांचा. भर पावसात कालवा तुडुंब चालवण्याचा धोका वेगळाच. पुण्यात २७ सप्टेंबर २०१८ ला दांडेकर पुलाजवळ मुठा कालव्याची भिंत खचली, तीही पूर नसताना.

६. नेहमी रात्रीच का सोडतात?

नेहमी नाही, पण रात्रीचं लक्षात राहतं. घाटमाथ्यावरचा संध्याकाळचा पाऊस मध्यरात्री-पहाटे धरणात पोचतो. २५ जुलै २०२४ च्या पहाटे खडकवासल्यातून सुमारे ३५ हजार क्युसेक सोडले गेले आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत लोक झोपेतून उठले ते पाण्यातच. सूचना वेळेत पोचली की नाही, यावर नंतर बराच वाद झाला.

त्यातून घ्यायचा धडा साधा आहे: रात्री वाढवावा लागेल असं संध्याकाळी सहाला वाटत असेल, तर तेव्हाच खालच्या वस्त्यांना सांगायचं, आकडा नक्की नसला तरी. ‘उगाच घाबरवलं’ हा ठपका ‘सांगितलं नाही’ यापेक्षा परवडतो. भोंगा, गावात दवंडी, पोलीस पाटील आणि कोतवालामार्फत निरोप, सोसायटीच्या वॉचमनला फोन. निव्वळ व्हॉट्सॲपवर टाकलेला मेसेज म्हणजे सूचना दिली असं होत नाही. रात्री अडीचला तो वाचतो कोण?

७. ‘विसर्ग वाढवण्यात येत आहे, येव्यानुसार कमी-जास्त होऊ शकतो’ या मेसेजमधून आम्ही काय समजायचं?

चार गोष्टी पाहा: तारीख (गेल्या वर्षीचे मेसेज हमखास फिरतात), वेळ, आधीचा आकडा आणि नवा आकडा. ‘९ हजारांवरून १५ हजार’ यात पंधरापेक्षा फरक महत्त्वाचा. दोन-तीन तासांत दोन-तीन टप्पे वाढले, तर पुढचाही येणार असं धरून चाला.

मग स्वतःची खूण ठरवा. पुण्यात भिडे पूल आणि नदीपात्रातला रस्ता आधी पाण्याखाली जातो. नाशिककर दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला, कमरेला की गळ्याला पाणी लागलं ते पाहतात. सांगलीत आयर्विन पुलाची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५, कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर ३९ आणि ४३. आपल्या इमारतीत पार्किंगमध्ये पाणी कधी शिरलं आणि तेव्हा विसर्ग किती होता, हे भिंतीवर ऑइलपेंटने लिहून ठेवा. पुढच्या वर्षी कुणाला विचारावं लागणार नाही. विसर्ग तोच असूनही पाणी आधीपेक्षा वर चढलं, तर पात्रात भराव पडलाय का ते पाहा.

८. आमच्याकडचा पूर धरणामुळे आला की पावसामुळे? हे ओळखायचं कसं?

धरणाने पूर वाढवला का, याची कसोटी अशी: तासागणिक येवा आणि विसर्ग शेजारी मांडायचे. पुराच्या पूर्ण काळात विसर्गाचा सर्वोच्च आकडा येव्याच्या सर्वोच्च आकड्यापेक्षा कमी असेल, तर धरण नसतं तर याहून मोठा पूर आला असता. जास्त असेल, तर धरणाने पूर वाढवला आणि खुलासा मागायला हवा. मधल्या काही तासांत विसर्ग त्या क्षणीच्या येव्यापेक्षा जास्त दिसला म्हणून लगेच दोष देऊ नका. प्रश्न ४ मध्ये सांगितलेली जागा करणं असू शकतं.

धरणाच्या खाली पडलेल्या पावसाला दरवाजा नसतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याने जो हाहाकार केला, तो ढगफुटीसारख्या पावसाचा आणि आवळलेल्या ओढ्याचा होता.

आकडे हवे असतील तर माहितीच्या अधिकारात मागा. दहा रुपये शुल्क, उत्तराची मुदत तीस दिवस. ‘पुराची माहिती द्या’ असं मोघम लिहिलंत तर मोघमच उत्तर येईल. तारीख-वेळ घालून हे मागा: तासागणिक जलाशय पातळी, साठा, पाऊस, येवा, विसर्ग; दरवाजे परिचालन नोंदवहीची प्रत; कुणाला किती वाजता काय कळवलं त्याच्या प्रती; त्या वर्षीची मंजूर परिचालन सूची.

९. दोन धरणांचं पाणी एकाच वेळी आलं तर?

तेव्हा प्रत्येकाचा निर्णय बरोबर असूनही खालचं गाव बुडू शकतं. नीरेवरच्या वीरचं पाणी आणि भीमेवरच्या उजनीचं पाणी नीरा नरसिंहपूरला एकत्र येतं आणि पंढरपूरला जातं. वीरचं आधी जाऊ द्यायचं की उजनीचं, ही वेळ जुळवणं, खरं तर न जुळू देणं, हेच कौशल्य. आषाढीला चंद्रभागेच्या वाळवंटात लाखो लोक असताना तर ती चूक परवडतच नाही.

सांगलीचं गणित याहून किचकट. कोयना (१०५.२५ टीएमसी) वरून, वारणा बाजूने, आणि खाली कर्नाटकात अलमट्टी, जिची पूर्ण संचय पातळी (धरण पूर्ण भरल्याची पातळी) ५१९.६० मीटर. अलमट्टीच्या फुगवट्याचा (धरणामागे तुंबणाऱ्या पाण्याचा) सांगलीवर किती परिणाम होतो, यावर तज्ज्ञांत आणि दोन राज्यांत मतभेद आहेत, ते इथे मिटणार नाहीत. पण पुराच्या दिवसांत दोन्हीकडच्या अभियंत्यांनी तासातासाला आकडे एकमेकांना द्यावेत, याबद्दल वाद नाही.

१०. पाणी सोडण्यापूर्वी शेतकऱ्यांनी काय करायचं?

काठावरच्या मोटारी, स्टार्टर आणि पाइप वर घ्या, जनावरं सोडून ठेवा. आणि बंधारे पाहा. कोल्हापुरी पद्धतीच्या बंधाऱ्याचे बर्गे (पाणी अडवायला घातलेल्या फळ्या) पावसाळ्यापूर्वी काढायचे असतात. ते अडकून राहिले की झाडंझुडपं तटतात, पाणी फुगतं आणि बंधाऱ्याच्या बगलेने वाट काढून शेजारचं शेत खरवडून नेतं. दोष मग धरणाच्या माथी जातो. पूर आल्यावर बर्गे काढायला जाऊ नये. त्या कामात माणसं वाहून गेली आहेत.

११. निळी रेषा, लाल रेषा म्हणजे काय? आमच्या बिल्डरने ‘शंभर वर्षांत एकदा’ असं सांगितलंय.

निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी ते निळी रेषा हे निषिद्ध क्षेत्र, निळी ते लाल हे नियंत्रित क्षेत्र. ‘सरासरी’ या शब्दात मेख आहे. वीस वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत निळ्या रेषेपर्यंत किमान एकदा पाणी येण्याची शक्यता ५६ टक्के, लाल रेषेपर्यंत १८ टक्के. आणि यंदा आलं म्हणून पुढच्या वर्षी येणार नाही, असंही नाही.

१२. पाणी सरकारने सोडलं, मग भरपाई सरकार का देत नाही?

मदत मिळते, भरपाई नव्हे. आपत्ती निवारण निधीच्या निकषांनुसार मृत्यूला ४ लाख रुपये आणि सपाट भागात पूर्ण पडलेल्या पक्क्या घराला १ लाख २० हजार, असे ठरीव दर आहेत. खरं नुकसान किती झालं, याच्याशी त्याचा संबंध नाही. आमच्या मते ही यातली सगळ्यात कच्ची बाजू आहे. शहर वाचवायला काही वस्त्यांनी पाणी अंगावर घ्यायचं असेल, तर त्यांचा खर्च शहराने उचलायला हवा.

तोवर हातातलं करा. चिखल धुण्याआधी फोटो घ्या, भिंतीवरची पाण्याची रेघ मोजपट्टी लावून टिपा, वस्तूंची यादी करा, पंचनाम्याला हजर राहा आणि प्रत मागा. गाडी बुडाली असेल तर चावी फिरवू नका. सिलेंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवलं की कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि ते नुकसान विमा कंपनी सहसा नाकारते. निव्वळ थर्ड पार्टी विम्यात पूर येत नाहीच.

१३. माणसं मेली तर अभियंत्यावर गुन्हा दाखल होऊ शकतो का?

दाखल होऊ शकतो. टिकेल का, हे नोंदींवर ठरतं. भारतीय न्याय संहितेचं कलम १९ (पूर्वीच्या दंड संहितेचं ८१) म्हणतं की मोठी हानी टाळण्यासाठी, गुन्हेगारी हेतू नसताना, सद्भावनेने केलेलं कृत्य केवळ त्यातून हानी होणार हे माहीत होतं म्हणून गुन्हा ठरत नाही. कायद्यातलं उदाहरण बोटीच्या कप्तानाचं आहे: वीस-तीस प्रवाशांची नाव वाचवायला तो दिशा बदलतो आणि दोन प्रवाशांची नाव धोक्यात येते. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चं कलम ७३ही सद्भावनेने केलेल्या कृतीला संरक्षण देतं.

पण निष्काळजीपणाला कवच नाही. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या २०११ च्या पुरानंतर वायव्हेन्हो धरणाच्या परिचालनावर वर्षानुवर्षं खटला चालला. २०१९ मध्ये न्यायालयाने निष्काळजीपणा झाल्याचा निकाल दिला; २०२१ मध्ये अपिलात धरण चालवणाऱ्या संस्थेपुरता तो फिरवला गेला. खल झाला तो मुख्यतः एवढ्यावर, की त्या त्या तासाला समोर काय माहिती होती आणि नियमपुस्तिकेप्रमाणे काय करायला हवं होतं.

१४. मी धरणावर शाखा अभियंता आहे. वरून फोन येतो, ‘अजून दोन तास थांबा’. लेखी कुणी देत नाही. काय करू?

फोन ठेवल्याबरोबर नोंदवहीत लिहा: वेळ, कोणाचा फोन, काय सांगितलं, त्या क्षणीची पातळी, येवा आणि उरलेली जागा किती तासांत संपेल. मग तेच तीन ओळींत वरिष्ठांना मेसेज करा, सौम्य शब्दांत: ‘साहेब, २.१० वाजता आपण दिलेल्या सूचनेनुसार विसर्ग तूर्त वाढवलेला नाही. सध्याच्या येव्याने ३.४० पर्यंत पूर्ण संचय पातळी गाठली जाईल. पुढील आदेश द्यावेत.’ यात उर्मटपणा काहीच नाही, आणि बहुतेक वेळा ‘थांबा’चं ‘सोडा’ दहा मिनिटांत होतं.

पातळी सूचीतल्या मर्यादेपलीकडे चालली आणि वर कुणी फोन उचलत नसेल, तर मंजूर सूचीप्रमाणे उघडा आणि कळवा. थांबण्याची कारणं खरीही असू शकतात, हेही ध्यानात ठेवा: खाली पात्रात कुणी अडकलेलं असेल, बचावकार्य चालू असेल. ते कारण नोंदवहीत आलं पाहिजे.

जून उजाडण्यापूर्वी प्रत्येक दरवाजा प्रत्यक्ष उचलून पाहा, जनरेटर भार देऊन चालवा, डिझेल मोजा, दोरखंडांना ग्रीस लावा आणि हाताने उचलण्याचं हँडल कुठल्या कपाटात आहे ते दोघांना तरी माहीत असू द्या. ऐन पुरात वीज जाते. दरवेळी जाते.

१५. निर्णय बरोबर होता, तर लोकांची माफी कशाला मागायची?

बरोबर असणं आणि कुणाचं नुकसान न होणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘नियमानुसार विसर्ग करण्यात आला’ हे वाक्य चिखलातून गाद्या ओढणाऱ्या माणसाला ऐकवू नये. तिथे जाऊन सांगावं: पाणी आम्ही सोडलं, या कारणाने सोडलं, तुमचं एवढं नुकसान त्यामुळे झालं, सूचना इतक्या वाजता दिली आणि ती इथे पोचली नाही. असं बोलल्याने कोर्टात अडकू, ही भीती बहुतेकांना असते. पण जे नोंदवहीत आधीच आहे, तेच सांगताय.

१६. पुराचं कळलं. पण दुष्काळात आमच्या धरणातलं पाणी जायकवाडीला का नेतात?

हाही त्याच जातीचा निर्णय, फक्त कोरडा. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २०१४ च्या आदेशानुसार १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर वरच्या नगर-नाशिकच्या धरणांनी पाणी सोडायचं. २०२३ मध्ये ८.६ टीएमसी सोडण्याचा आदेश निघाला. कोरड्या पात्रातून नेताना बरंच पाणी वाळूत मुरतं. म्हणून वाटेतल्या बंधाऱ्यांचे बर्गे काढतात आणि काठच्या पंपांची वीज तोडतात. वरच्यांना अन्याय वाटतो, खालच्यांना उशीर. दोघांचंही म्हणणं खोटं नाही.

१७. राधानगरीचे दरवाजे आपोआप उघडतात. तिथे निर्णय कुणाचा?

धरण भरलं की त्याचे सात स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबाने एकेक करून उघडतात आणि प्रत्येकातून सुमारे १,४२८ क्युसेक जातात. तिथे पहाटे दोनला कुणाला ठरवावं लागत नाही, आणि ‘अजून दोन तास थांबा’ असा फोनही चालत नाही. पण अंदाज पाहून आधी जागा करणंही त्या दरवाजांना जमत नाही. त्यासाठी वीजगृहातून जाणारं पाणी आणि हाताने चालणारे सेवाद्वार, एवढंच उरतं. कोल्हापूरकर म्हणून दरवाजांचे आकडे मोजतात: तीन उघडले, पाच उघडले. सातही उघडले की पंचगंगेकाठची गावं सामान वर चढवायला घेतात.